कोरा कागद आधी

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कागदी पट्ट्यांवर औषध तपासायचं काम सोडून मोठ्या यंत्राकडे वळू, की पीथमपूरला औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागू, असं विचारतेस. ते नंतर. सोबत पाठवलेला आलेख पाहून मला राहवलं नाही. 1096 पाशी बाण काढून ‘पॅरासिटामॉल’ लिहिलं आहेस. अगं, तो कागद आहे! लेझरचा प्रकाश विखुरला की कागदातल्या सेल्युलोजचं शिखर, म्हणजे रामन पीक, तिथंच येतं. गोळीच्या पावडरीची ठळक पीक्स 858, 1324 आणि 1649 च्या आसपास असतात. कोरी पट्टी लावून पाहिलीस का? नसणारच, कारण तुझ्या फायलीत ब्लँक, म्हणजे औषधाविना घेतलेलं वाचन, असं काही दिसलं नाही.

कोरा कागद आधी, औषध मागून.

आणि कोरा म्हणजे नुसता फिल्टर पेपर नव्हे. सिग्नल वाढवणारं चांदीच्या बारीक कणांचं कोलॉइड तू सिट्रेटनं बनवतेस, म्हणजे सिट्रेटचीही पीक्स येणार. तेव्हा कोलॉइड लावलेली पण औषध नसलेली पट्टी हवी. सिरप तपासायचं तर साखर, रंग, ग्लिसरीन सगळं घातलेलं, फक्त औषध वगळलेलं सिरप हवं. फेरिक क्लोराइड घातल्यावर निळंजांभळं झालं म्हणजे पॅरासिटामॉलच, असं समजून हुरळून जाऊ नकोस; सॅलिसिलिक अ‍ॅसिडही जांभळंच होतं. मोबाइलचा कॅमेरा तर आपल्या मनानंच रंग सुधारतो, म्हणून प्रत्येक फोटोत कोरी पट्टी शेजारी ठेव. इंदूरच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि त्यात द्रव वेगळ्याच वेगानं चढतो. मे महिन्यातला ब्लँक जुलैत चालत नाही. रोजचा रोज घ्यायचा.

छिंदवाड्याची बातमी वाचून तू हे काम हाती घेतलंस, ते ठाऊक आहे मला. 2025 च्या त्या खोकल्याच्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मुंबईत 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात हेच विष ग्लिसरीनमधून गेलं आणि 14 रुग्ण दगावले. आता नीट बघ: निम्मं विष असेल तर ते ओळखायला फार मोठी करामत लागत नाही. पण ग्लिसरीनमध्ये चालणारी मर्यादा 0.10 टक्के आहे. तिथं खरा सिग्नल कोणता आणि कोऱ्याचा गोंगाट कोणता, हे ठरवता ठरवता घाम फुटतो. डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं किमान प्रमाण, काढतात ती कोऱ्याच्या वाचनांच्या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे त्यांच्या चढउताराच्या, तिपटीवरून. कोरी वाचनंच नाहीत, मग पोस्टरवर छापलेला तो आकडा आणलास कुठून?

चिडलोय खरा. तुझ्यावर कमी, जुन्या आठवणींवर जास्त.

क्यूसीत असताना औषध किती प्रकाश शोषतं ते यूव्ही यंत्रावर 257 नॅनोमीटरला मोजायचं माझं काम होतं. एकदा ब्लँकच 0.04 दाखवू लागला. ट्रक गेटवर उभा, वरून फोनवर फोन, आणि मी सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण नव्यानं बनवत बसलेलो. क्वार्ट्‌झचा क्युव्हेट टिश्यूनं पुसायचा, प्रकाशाकडे धरायचा, परत पुसायचा. माल सोडायच्या कागदावर मी सही केली नाही. पुढं मला स्टोअर्समध्ये बसवलं, बढती गेली ती गेलीच. कॅट या इंदूरच्या संशोधन केंद्रात लेझरवाल्यांकडे जायची फार इच्छा होती, तीही घराच्या हप्त्यांत राहिली; त्याची हळहळ आहे. सहीची नाही. तुझी काकू अजून म्हणते, जरा नमतं घ्यायला हवं होतं. म्हणू दे. ज्याचा कोराच हलतोय त्या वाचनावर मी सही का करावी? आजही केली नसती.

आता तुझा प्रश्न. कागद सोडू नकोस. मोठ्या यंत्रावर तासाचे पैसे मोजावे लागतात, म्हणून लोक सगळ्यात आधी ब्लँकलाच कात्री लावतात. कागद स्वस्त आहे. एका नमुन्यामागे पाच कोऱ्या पट्ट्या गेल्या तरी कुणी हिशेब मागणार नाही. ही चैन तुला परवडते आणि तू ती करत नाहीस, याचाच मला राग येतो. नोकरीचं म्हणशील तर क्यूसीत खुशाल जा, पण जिथं ब्लँकची नोंद वहीत मागून भरतात तिथं टिकू नकोस.

पुढच्या आलेखात कोऱ्याची रेघ वेगळ्या रंगात काढून पाठव. नसली तर मी फाइल उघडणार नाही. आणि आईला सांग, काका रागावलेले नाहीत, रविवारी पोह्यांना या म्हणून.

तुझा,
काका