वाचक विचारतात : बेल्ट, चुट आणि ओले खनिज

प्रश्न : आमच्या ऑफिसात कोळशाच्या बेल्टची तयार ड्रॉइंग आहेत. तासाला 1000 टन, वेग सेकंदाला 2.5 मीटर. टनेज तेवढेच ठेवून हाच बेल्ट लोहखनिजाच्या निर्यातीसाठी घ्यायचा विचार आहे. चालेल का?
– एक इंजिनिअर, ऐरोली

उत्तर : कागदावर चालेल, साइटवर नाही. कोळशाची बल्क डेन्सिटी, म्हणजे सुट्या मालाच्या एका घनमीटरचे वजन, 0.85 टन धरली तर तासाला 1000 टन म्हणजे सुमारे 1180 घनमीटर माल, आणि बेल्टच्या प्रत्येक मीटरवर 111 किलो वजन. लोहखनिजाच्या फाइन्सची, म्हणजे बारीक चुऱ्याची, डेन्सिटी 2.4 धरा. 1000 टनांना बेल्ट अर्ध्याहूनही कमी भरलेला दिसेल. चालवणाऱ्याला वाटणार की जागा रिकामीच आहे, आणि तो फीडरचे (बेल्टवर माल सोडणाऱ्या यंत्राचे) गेट उघडणार. बेल्ट काठोकाठ भरला की तासाला 2800 टनांच्या वर माल आणि मीटरला 314 किलो. मग मोटर ट्रिप होते, दोन रोलरच्या मध्ये बेल्ट लोंबतो, स्कर्टखालून (बेल्टच्या कडेच्या पट्ट्यांखालून) माल सांडतो. गॅलरीचे स्टील तर या वजनासाठी मोजलेलेच नसते.

म्हणून डेन्सिटी नेहमी दोन घ्याव्यात. बेल्टची रुंदी आणि चुटचा (माल खाली सोडणाऱ्या घसरगुंडीचा) आकार सर्वांत हलक्या मालावर ठरवा. ताण, मोटर, रोलर आणि स्ट्रक्चर सर्वांत जड, म्हणजे ओल्या मालावर. आयएस 11592 या बेल्ट कन्व्हेयरच्या भारतीय मानकाप्रमाणे हिशेब करतानाही ही दोन्ही टोके वेगवेगळी तपासा. फीडरला यांत्रिक अडसर लावा आणि बेल्टवरच्या वजनकाट्याशी इंटरलॉक करा (जास्त वजन आले की फीडर आपोआप थांबावा). नुसती ‘जास्त भरू नये’ अशी पाटी लावून भागत नाही.

प्रश्न : आम्ही कॉपर कन्सन्ट्रेटसाठी (तांब्याच्या शुद्ध केलेल्या बारीक खनिजासाठी) ट्रान्सफर चुट, म्हणजे एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल सोडणारी चुट, बनवून दिली. सगळ्या प्लेट 60 अंशांवर आहेत, तरी कोपऱ्यात माल बसतो आणि दर पाळीत हातोडे मारावे लागतात.
– फॅब्रिकेशन वर्कशॉप, रबाळे

उत्तर : प्लेट 60 अंशांवर असली तरी दोन प्लेट जिथे काटकोनात मिळतात ती दरी 60 अंशांची राहत नाही, ती जेमतेम 51 अंशांची होते. चिकट माल तिथेच थांबतो. दरी 70 अंशांची हवी असेल तर दोन्ही प्लेट साधारण 76 अंशांवर उभ्या कराव्या लागतील. तेवढी उंची नसेल तर कोपऱ्यात गोलाई द्या.

लायनर (आतून लावायच्या झिजेच्या प्लेट) कौलांसारखे बसवा : वरच्या प्लेटची कड खालच्या प्लेटवर यावी, मालाच्या वाटेत उलटी पायरी कुठेही नको. आतल्या बाजूची वेल्डिंगची रेघ घासून सपाट करा, बोल्टची डोकी बुडवा. आणि हातोडे आजच थांबवा. प्रत्येक घावाने प्लेटवर खळगा पडतो, त्या खळग्यात पुढच्या वेळी माल धरतो, मग आणखी घाव. साफसफाईसाठी मोठे झाकण आणि चुट तुंबल्यावर बेल्ट थांबवणारा स्विच द्या.

प्रश्न : पश्चिम किनाऱ्यावरच्या जेटीच्या कामात सल्लागार सारखे ‘टीएमएल’ म्हणतात. पावसात थोडा भिजलेला माल जहाजात भरला तर इतके काय बिघडते?
– एक वाचक, खारघर

उत्तर : जहाज बुडते. जुलै 2009 मध्ये न्यू मंगळूरहून लोहखनिजाचे फाइन्स घेऊन निघालेले ‘एशियन फॉरेस्ट’ आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ बुडाले. त्यातही फाइन्सच होते. बारीक दाण्यांच्या फटींत पाणी असते. इंजिनाच्या आणि लाटांच्या हादऱ्यांनी दाणे दाटतात, फटी आक्रसतात, पाण्याचा दाब वाढतो आणि दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत. भरताना ढिगासारखा उभा असलेला माल राबडीसारखा वाहतो. जहाज एका अंगावर कलले की तिकडे सरकतो आणि परतताना पुरता परत येत नाही.

टीएमएल म्हणजे सुरक्षित वाहतुकीसाठी ओलाव्याची कमाल मर्यादा. फ्लो टेबल चाचणीत माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो त्याच्या 90 टक्के. लोहखनिजाच्या फाइन्ससाठी प्रॉक्टर-फॅगरबर्गची सुधारित चाचणी आहे. 1 जानेवारी 2011 पासून बंधनकारक असलेल्या आयएमएसबीसी कोडनुसार (जहाजातून सुटा घन माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार) ओलाव्याचा नमुना आणि भरणी यांत 7 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, आणि मधे जोराचा पाऊस झाला तर पुन्हा तपासणी करावी लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे कलम रोजच्या कामाचे आहे.

डिझाइनमध्ये पाणी कुठून शिरते ते शोधा. ढिगाचा पायथा सर्वांत ओला असतो, आणि लोडरचा बकेट नेमका तिथूनच उचलतो. यार्डाला पक्की फरशी, उतार आणि गटार हवेच. कन्सन्ट्रेट तर शेडमध्येच ठेवा. धूळ दाबायचे फवारे विसरू नका : पाच ट्रान्सफर पॉइंट, प्रत्येकी ताशी 4000 लिटर, म्हणजे 20 टन पाणी. 2000 टनांच्या प्रवाहात हा पूर्ण 1 टक्का झाला. माल मर्यादेच्या अर्धा टक्का खाली असेल तर आपल्याच फवाऱ्यांनी तो मर्यादेपार जातो.

धक्क्यावर डब्याची चाचणी करता येते. अर्धा ते एक लिटरचा डबा निम्मा भरा, सुमारे 20 सेंटिमीटरवरून कठीण पृष्ठभागावर 25 वेळा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने आपटा. वर पाणी चकाकले किंवा माल पातळ झाला तर भरणी थांबवून प्रयोगशाळेत पाठवा. मात्र काहीच दिसले नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचाच आकडा हवा.

प्रश्न : शेवटच्या होल्डला (जहाजाच्या मालाच्या कप्प्याला) शिपलोडर थांबवा म्हटले तरी माल येतच राहतो. बेल्ट लगेच का थांबवत नाहीत?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : तासाला 2000 टन आणि 2.5 मीटर वेग म्हणजे मीटरला 222 किलो. यार्डापासून जहाजापर्यंत 600 मीटर असेल तर फीडर बंद केल्यावरही बेल्टवर 133 टन उरतात. भरलेला बेल्ट तसाच उभा केला तर तो पुन्हा सुरू करताना मोटरवर फार ताण येतो, म्हणून तो रिकामा करतात. मध्यम आकाराच्या जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) 55 ते 60 टनांत 1 सेंटिमीटर वाढतो, तेव्हा एवढ्या मालाने दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. त्यामुळे चीफ ऑफिसर शेवटचे काही शे टन ट्रिमसाठी (जहाजाचा पुढचा-मागचा समतोल साधण्यासाठी) राखून ठेवतो, आणि फीडर बंद करण्याचा इशारा हे 133 टन आधीच वजा करून द्यावा लागतो.