‘इंटेल संपली, बाबा’

प्रश्न : 2003 साली असेंबल केलेला पेंटियम 4 घेतला, तेव्हापासून आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे इंटेल. आता मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा आहे. दुकानदार म्हणतो, ‘काका, एएमडी घ्या.’ मुलगी म्हणते, ‘इंटेल संपली, बाबा.’ एवढी मोठी कंपनी अशी कशी संपेल? आणि जुन्या पेंटियमचं काय करू? भंगारवाला दोनदा विचारून गेला.
— एक वाचक, विटा

उत्तर : कोल्हापुरात मी पंधरा वर्षं कॉम्प्युटर असेंबल करून विकले. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत फिरायचं. इंटेलच्या प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपच्या, खोक्यात एक छोटा स्टिकर यायचा. पैसे वाचवायला इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीची चिप घेतलेलं गिऱ्हाईक जाताना हळूच म्हणायचं, ‘साहेब, वर तेवढा इंटेलचा स्टिकर लावा की.’ मी लावत नसे. मग तोंड एवढंसं व्हायचं बिचाऱ्याचं! त्याच गिऱ्हाइकाची पोरं आता ‘इंटेल नको’ म्हणतात.

तर, काय झालं? बहुतेक जण आयफोनची गोष्ट सांगतात. ॲपलला फोनसाठी चिप हवी होती, पण ज्या भावात हवी होती तो इंटेलला परवडेना. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी 2013 मध्ये कबूल केलं, की चिपच्या खर्चाचा अंदाज चुकला आणि खप तर कुणालाही वाटला होता त्याच्या शंभरपट निघाला. फोनला चालणाऱ्या चिपचा स्वतःचा धंदा इंटेलनं 2006 मध्येच 60 कोटी डॉलरला विकून टाकला होता. पहिला आयफोन आला 2007 मध्ये.

पण माझ्या मते गेलेली ऑर्डर हे खरं नुकसान नव्हे. गेला तो सराव. आमच्या गल्लीत एक काकू पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. होळीला त्या शेकड्यानं पोळ्या लाटतात, त्यांची एक फाटत नाही. माझी बायको वर्षातून वीस करते, त्यातल्या चार फाटतात. (हे तिला वाचून दाखवू नका.) चिपचंही तसंच. सिलिकॉनच्या एका तबकडीवर शेकडो चिप कोरतात, त्यातल्या काही बाद होतात. जितक्या जास्त तबकड्या काढाल तितका हात बसतो आणि बाद माल घटतो. 1987 साली मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी काढली ती अशी काकूंसारखी. स्वतःच्या नावानं एकही चिप विकायची नाही, दुसऱ्यांची बनवून द्यायची. 2014 पासून ॲपलच्या फोनची चिपही तिच्याकडे आली आणि तिचा हात असा बसला की विचारू नका. इंटेल मात्र मुख्यतः घरापुरतंच लाटत राहिली.

त्यात चिपवरची नक्षी आणखी बारीक करायच्या ‘10 नॅनोमीटर’ नावाच्या पायरीवर इंटेलनं एकाच उडीत फार मोठा पल्ला मारायचा बेत केला, तोही प्रकाशानं रेघा कोरणाऱ्या जुन्याच यंत्रांवर. एकच बारीक रेघ अनेक फेऱ्यांत कोरायची म्हणजे प्रत्येक फेरीला चुकायची संधी. 2016 च्या सुमारास यायची ती पायरी मोठ्या प्रमाणावर यायला 2019 उजाडलं. अतिसूक्ष्म रेघ कमी फेऱ्यांत काढणारी ईयूव्ही यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. गंमत बघा, 2012 मध्ये या कंपनीत पैसा घालणाऱ्यांत इंटेल होती! पण टीएसएमसीनं ती यंत्रं 2019 मध्ये कामाला लावली आणि त्यावर कोरलेली इंटेलची पहिली लॅपटॉप-चिप बाजारात आली डिसेंबर 2023 मध्ये. एएमडीनं आपले कारखाने 2009 मध्येच वेगळे काढले होते. 2019 पासून तिच्या मुख्य चिप टीएसएमसीकडे बनू लागल्या. 2020 मध्ये ॲपलनंही आपल्या मॅकमधून इंटेलला निरोप द्यायला सुरुवात केली.

2024 साली इंटेलला सुमारे 1,880 कोटी डॉलरचा तोटा झाला. अमेरिकी शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या डाऊ जोन्स निर्देशांकातली तिची खुर्ची एनव्हिडिया या दुसऱ्या चिप-कंपनीनं घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये खुद्द अमेरिकन सरकारनं सुमारे 10 टक्के हिस्सा घेतला. तेव्हा मुलीला सांगा, संपलेली नाही. वाडा आहे, पण डागडुजी चालू आहे.

जाता जाता, पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला. पुढे ते इंटेल सोडून गेले आणि एएमडीच्या के6 चिपवर काम केलं.

आता लॅपटॉप. एएमडी घ्या किंवा इंटेल, मन खट्टू करू नका. इंटेलच्या 2024 च्या काही लॅपटॉप-चिपचा मुख्य भाग तैवानच्या त्या काकूंकडूनच लाटून आलेला आहे. रॅम 16 जीबी बघा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का ते विचारा. जुना डेस्कटॉप कुणी स्वस्तात देत असेल आणि त्यात इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय7 किंवा आय9 असेल, तर बायॉस (कॉम्प्युटर सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलाय का ते आधी पाहा. जादा व्होल्टेजमुळे त्यातले काही बिघडत होते. इंटेलनं 2024 मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आणि तो पेंटियम 4 भंगारवाल्याला देण्याआधी हार्डडिस्क काढून घ्या. मुलीचे लहानपणचे फोटो त्यातच असणार.