बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या

"मॅडम, शाळेतच टीव्ही लावतात. बाईच अभ्यास मोबाइलवर टाकतात. मग घरी मोबाइल नको म्हणायचं कुठल्या तोंडाने?"

पहिली ते चौथीच्या मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी येतो. शब्द थोडेफार बदलतात, वैताग तोच. यावेळी विचारणारी आई बार्शीजवळच्या एका गावातून आली होती. घरी ब्लाउज शिवते, नवरा टेम्पो चालवतो. मुलगा दुसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आपण त्याला सोन्या म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण पुढे जे सांगणार आहे ते तसंच घडलं.

त्यांच्या घरात मोबाइल आला तो शाळेसाठीच. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सोन्याची ताई तिसरीत होती. सकाळी टीव्हीच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मुलांच्या अभ्यासाची मालिका बघायची, दुपारी सरांचे मेसेज. टीव्हीवर भागेना म्हणून हप्त्यावर मोबाइल घेतला. सोन्या तेव्हा दोन वर्षांचा होता आणि ताईच्या मांडीवर बसून तोही 'शाळेत' जायचा. ताई आठवीत गेली, हप्ते फिटले, मोबाइल राहिला. त्याच मोबाइलवर आता आईला ब्लाउजच्या ऑर्डरी येतात आणि सोन्याचा अभ्यासही.

अभ्यास कसा येतो, ते मी तिला दाखवायला लावलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंनी कवितेच्या व्हिडिओची लिंक टाकलेली. त्यावर बोट ठेवलं की यूट्यूब उघडतं. कविता चार मिनिटांची. ती संपली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू, तो कार्टूनचा. त्यानंतर कुणीतरी खेळण्यांची खोकी फोडून दाखवतंय. "मी मशीनवर असते," ती म्हणाली. "मला आवाजावरून कळतं, कविता संपली. पण हातातलं सोडून उठेपर्यंत अर्धा तास जातो."

इथे माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी तिला जो सल्ला दिला तो पुस्तकी होता. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची मर्यादा दिवसाला दोन तासांच्या आत सांगितली आहे, आणि जितकी कमी तितकं बरं, असंही म्हटलं आहे. ते मी सांगितलं. रोज संध्याकाळी अर्धा तास, अलार्म लावून, असं वेळापत्रक एका कागदावर लिहून दिलं. जाहिरातीत शोभेल इतकं सुबक वेळापत्रक होतं.

दहा दिवसांनी ती परत आली. "मॅडम, अलार्म वाजला की तो अलार्म बंद करतो."

मला हसू आलं, तिलाही. सोन्या बरोबर होता, तो खुर्चीवर पाय हलवत बसला होता. विषय बदलावा म्हणून मी त्याला म्हटलं, "काय रे, ती मोबाइलमधली कविता येते का तुला?" त्याने मान हलवली. मी पुस्तक उघडून समोर ठेवलं. तो बोट ठेवून वाचायला लागला. काय वाचत होता! चाल, हातवारे, शेवटच्या शब्दाला हेल, सगळं व्हिडिओतल्यासारखं. आई कौतुकाने बघत होती.

मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड पाचव्या.

मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. 'गवत' होता शब्द. "हा कोणता?" तो थांबला. मग ओठांतल्या ओठांत त्या कडव्याच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, एकेक शब्द मोजत 'गवत'पर्यंत आला आणि विजयाने म्हणाला, "गवत!" मी तोच शब्द कोऱ्या चिठ्ठीवर लिहिला आणि पुस्तक मिटलं. आता मोजायला आधीचे शब्द नव्हते. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. 'ग' ओळखला. 'व'ला 'ब' म्हणाला. नंतर म्हणाला, "मला तहान लागली."

सोन्याला वाचता येत नव्हतं. दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं, आणि हे आईला माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. कारण दोघीही त्याला ऐकत होत्या. गृहपाठ होता कविता म्हणून त्याचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकायचा. सोन्याच्या व्हॉइस मेसेजला सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या.

म्हणून हल्ली कोणी मला स्क्रीनची मिनिटं विचारली की मी आधी उलट विचारते: स्क्रीन बंद केल्यावर मुलाला त्यातलं काय करता येतं? व्हिडिओ पाठ झालाय की धडा वाचता येतोय? मिनिटं मोजायला सोपी असतात म्हणून आपण मिनिटं मोजतो. सोन्याला मोबाइल सोडवत नव्हता यामागे कार्टूनचा मोह होताच, पण आणखी एक गोष्ट होती. पुस्तक त्याला गप्प बसवत होतं आणि मोबाइल त्याच्यासाठी वाचत होता. ज्या गोष्टीमुळे टाळ्या मिळतात ती कोण सोडेल?

आईने लगेच विचारलं, "म्हणजे त्याला ते डिस्लेक्सिया का काय ते आहे का?" हा प्रश्नही आता हमखास येतो. मी म्हटलं, आत्ता नाही त्यात शिरायचं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सहसा आठ वर्षांच्या आत असा शिक्का मारत नाहीत, आणि ज्याला नीट वाचायला शिकवलंच गेलेलं नाही त्याला वाचता येत नाही म्हणून अक्षमता म्हणणं हा अन्याय आहे. डोळे-कान ठीक निघाले.

मग मी शाळेत गेले. आई घाबरली होती, बाईंना राग येईल म्हणून. मलाही थोडी धाकधूक होती, कारण 'बाहेरून आलेल्या मॅडम' शिक्षकांना किती नकोशा असतात ते मला ठाऊक आहे.

द्विशिक्षकी शाळा. बाईंकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. भिंतीवर लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही, त्यावर क्रोशाचं झाकण. मी आले म्हणून बाईंनी झाकण काढलं आणि दुसरीला कविता लावून दिली. चौदा मुलं मान वर करून एका सुरात म्हणायला लागली. तेवढ्यात बाई पहिलीकडे वळल्या आणि पाटीवर एकाचा हात धरून 'क' गिरवून घेऊ लागल्या. मधल्या सुट्टीत मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला दोन वर्ग आहेत मॅडम. एकाला टीव्ही लावला तरच दुसऱ्याला शिकवता येतं. वरून माहिती भरायचं काम वेगळंच, तेही माझ्याच फोनवरून, माझ्याच डेटावर."

यात खोटं काय आहे? एका वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला 'टीव्ही बंद करा' म्हणणं सोपं आहे, म्हणणाऱ्याला. आमच्या सोलापूर जिल्ह्याला तर या बाबतीत कमीपणा घ्यायचं कारणच नाही. शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. क्यूआर कोडने धडा घराघरांत पोहोचला, ही मोठीच गोष्ट. मात्र घरी पोहोचल्यावर त्याचं काय होतं, ते कोड बघू शकत नाही. ते कुणीतरी माणसाने बघायचं असतं.

मी बाईंना सोन्याच्या बोटाची गोष्ट सांगितली. त्या क्षणभर गप्प झाल्या. "पण तो तर माझा पुढे उभं करायचा मुलगा आहे," म्हणाल्या. मग त्याच दिवशी, मी बसले असतानाच, त्यांनी फळ्यावर कवितेची चार कडवी लिहिली आणि मुलांना सांगितलं, "आज कविता खालून वर वाचायची. शेवटची ओळ आधी." मुलं खो-खो हसली. आणि हसता हसता पाच जण अडकली. सोन्या एकटा नव्हता.

ती युक्ती बाईंची, माझी नव्हे. नंतर मी ती इतर शाळांत बिनदिक्कत माझी म्हणून सांगत आले आहे.

बाकी जे ठरलं ते फार मोठं नाही. टीव्ही चालूच राहिला, पण दुसरीला आधी आवाज बंद करून लावायचा. पडद्यावर ओळ आली की मुलांनी वाचायची, मग आवाज चालू करून 'टीव्ही बरोबर वाचतो का' ते तपासायचं. मुलांना टीव्हीची चूक काढायला भारी आवडतं. टीव्ही चुकत नाही, पण त्या आशेने ती ओळीवर डोळा ठेवतात, आणि मला तेवढंच हवं होतं. हे करायला वर्गातलाच एखादा मुलगा रिमोट धरून उभा राहतो, त्यामुळे बाईंना पहिलीकडे वळता येतं. व्हॉइस मेसेज कवितेचा नाही, तर बाईंनी त्या दिवशी मेसेजमध्ये उलटसुलट टाकलेल्या आठ शब्दांचा. लिंक बंद. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो शाळेत, सगळ्यांनी मिळून.

घरी आईसाठी तीन-चार गोष्टी केल्या. यूट्यूबचं आपोआप पुढे जाणं सेटिंगमधून बंद केलं. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी सरकारचं 'दीक्षा' ॲप उघडलं की ते पिन करायचं, म्हणजे लॉकचा आकडा टाकल्याशिवाय दुसरं ॲप उघडत नाही. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये ही सोय आहे, फक्त कोणी सांगत नाही. आणि गूगलचं 'रीड अलाँग' घातलं. त्यात मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकतं, अडलेला शब्द दाबला की उच्चार ऐकवतं. मराठी गोष्टी आहेत. एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. माझं मत विचाराल तर अक्षरं येऊ लागल्यावर सरावाला ते चांगलं आहे. अक्षरओळखच नसेल तर नको. शिवाय शिलाई मशीनच्या घरघरीत ॲपला नीट ऐकू येत नाही, म्हणून आई त्या दहा मिनिटांत पाय थांबवते आणि काजं-बटणं करते. मला वाटतं, ॲपपेक्षा मशीन थांबल्याचा उपयोग जास्त झाला असावा.

आणि तिचा मूळ प्रश्न? कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? मी तिला सांगितलं, सोन्याला सरळ सांगा की शाळेतला टीव्ही भिंतीवर असतो आणि बाई थांबवतात तेव्हा थांबतो. हातातला मोबाइल कोणी थांबवत नाही, म्हणून तो मी थांबवणार. मुलांना हा फरक कळतो. न पटल्यासारखं करतात, ते वेगळं. सोन्याने चार दिवस आदळआपट केली, एक दिवस जेवला नाही, पाचव्या दिवशी मशीनखाली बसून चिंध्यांची गाडी केली. नंतरही मागतो. एकदाचा मागायचा थांबला, असं होत नाही.

वाचता यायला अडीच महिने लागले. जोडाक्षरांना अजून अडखळतो. 'रस्ता'ला 'रसता' म्हणतो आणि मग स्वतःच मागे येऊन दुरुस्त करतो.

मागच्या आठवड्यात आई भेटली, बाजारात, अस्तराचं कापड घेत होती. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, "आता नवीनच ताप झालाय मॅडम. काल गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी म्हटलं, ताई, तुमचा मेसेज मी बघितलाच नाही. तर हा आतून मोबाइल घेऊन आला आणि मोठ्याने वाचायला लागला, 'ब्लाउज झालं का, तीन दिवस झाले विचारतेय.' तिन्ही दिवसांचे वाचले!"

"बोट ठेवून?" मी विचारलं.

"बोट ठेवून," ती म्हणाली, आणि अस्तराचे पैसे मोजायला लागली.