टीबी पूर्ण बरा झाल्यावर रक्तदान करता येतं का? आणि फॉर्मवर टीबी लिहावंच लागतं का?

हो, करता येतं. आपल्याकडचा नियम असा आहे की टीबी बरा झाल्याचं नक्की झाल्यापासून २ वर्षं थांबायचं. तुमची औषधं संपून, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगून अडीच वर्षं झाली आहेत, म्हणजे मुदत उलटून गेली. औषधं सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजायचं नसतं. पुष्कळ जण तिथेच गल्लत करतात.

आता दुसरा प्रश्न. ऑफिसच्या शिबिरात फॉर्म भरताना शेजारचा वाकून बघेल, मग टीबीचं लिहिलं नाही तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. ही धास्ती मला चांगली कळते, कारण मलाही फुप्फुसाचा टीबी होऊन गेलाय आणि नातेवाइकांनी बाजूला काढलेला कप मी पाहिलाय. तरीही लिहा. घेतलेल्या रक्ताच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया या तपासण्या होतात. टीबीची होत नाही. टायफॉइडचीही नाही. तिथे चाळणी एकच, ती म्हणजे तुमचं उत्तर. आणि ती पिशवी ज्याला चढणार, तो कदाचित ब्लड कॅन्सरचा पेशंट असेल, अंगात प्रतिकारशक्ती जेमतेम उरलेली. त्याच्या बाजूने विचार केला की लपवावंसं वाटत नाही.

लोकांना कळू नये असं वाटत असेल तर शिबिरात जाऊच नका. सरळ रक्तपेढीत जा. मी तेच केलं. उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड आणि जुनी फाइल सोबत नेली होती. तिथल्या डॉक्टरांनी आत बसवून विचारलं: औषधं मध्ये कधी सोडली होती का, आता खोकला-ताप येतो का, वजन किती वाढलं. कार्डावरची तारीख बघितली आणि पुढे पाठवलं. ओळखीचं कोणी आजूबाजूला नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आलं.

टीबीतून उठलेल्या बाईची खरी अडचण वजन आणि हिमोग्लोबिनची असते. वजन किमान ४५ किलो लागतं आणि हिमोग्लोबिन १२.५. आपल्यातल्या कितीतरी जणींचं, काहीही आजार नसताना, एवढं नसतं. माझ्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब झटकन तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, वर रेंगाळला तर परत पाठवतात. माझा खाली गेला तेव्हा मला झालेला आनंद टीबीचा शेवटचा रिपोर्ट बघतानाच्या आनंदाएवढाच होता, खरंच. तुम्ही आधीच सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी रक्ततपासणी, करून घ्या. कमी आलं तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या आणि वाढल्यावर जा. परत पाठवलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, कारण तो नियम तुमच्याही जिवासाठी आहे.

अशक्तपणा येईल का, याची फार काळजी करू नका. आपल्या वजनाच्या बायकांकडून ३५० मिली घेतात. त्यातलं पाणी शरीर एक-दोन दिवसांत भरून काढतं, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात. म्हणूनच बायकांना पुढच्या वेळेपर्यंत ४ महिने थांबायला सांगतात. उपाशीपोटी मात्र जाऊ नका. पोळी-भाजी खाऊन, भरपूर पाणी पिऊन जा. झाल्यावर लगेच उठू नका आणि त्यांनी दिलेला चहा-बिस्किटं नको म्हणू नका.

तुमच्या भावाला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता असं लिहिलंय. डेंग्यू-चिकुनगुनियाला पूर्ण बरं झाल्यावर ६ महिने, मलेरियाला ३ महिने आणि टायफॉइडला १२ महिने थांबायचं असतं. कावीळ झालेल्याने मात्र ती कुठल्या प्रकारची होती हे कागदावर दाखवावं. बी किंवा सी असेल तर रक्त कधीच देता येत नाही.

शिबिराची तारीख हुकली तर हुकू द्या. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत हमखास तुटवडा पडतो. तेव्हा गेलात तर जास्त उपयोग होईल. जाताना ते कार्ड विसरू नका.