सरांच्या पुस्तकाची पीडीएफ

ताई, मी एरंडोल तालुक्यातली. जळगावला खोली करून एमपीएससीचा अभ्यास करते. घरी चार एकर कापूस. पुस्तकं परवडत नाहीत, म्हणून टेलिग्रामवरच्या पीडीएफ वाचते. गेल्या महिन्यात मैत्रिणीचं नवं पुस्तक मीच स्कॅन करून नऊशे जणांच्या ग्रुपवर टाकलं. आता कळलं, लेखक म्हणजे आमच्या अभ्यासिकेत फुकट शंका सोडवायला येणारे सर. त्यांच्यासमोर मान वर होत नाही. मी चोर आहे का?

पोरी, खोलीभाडं, मेस आणि वर पाच-सहाशेचं एकेक पुस्तक, कापसाच्या पैशात हे भागत नाही, मला ठाऊक आहे. अभ्यासापुरती चार प्रकरणं झेरॉक्स काढलीस तर मी तुला चोर म्हणणार नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदाही खाजगी अभ्यासासाठी वाजवी वापराची मुभा देतो. अख्खं पुस्तक नऊशे जणांना वाटणं मात्र त्यात बसत नाही. आणि खरं सांगू? ते तू गरजेपोटी केलं नाहीस. तुला पुस्तक आधीच मिळालं होतं.

‘पुस्तक सरांकडे आहेच की, गेलं काय?’ असं ग्रुपवर म्हणत असतील. तुझे वडील जूनमध्ये सरकी लावतात ती पुढं मिळणाऱ्या भावाच्या भरवशावर. सरांनीही रात्री जागवल्या त्या खपाच्या भरवशावर. शिवाय स्पर्धा परीक्षेचं पुस्तक सारखं नवं करावं लागतं. आकडेवारी, योजना, घटनादुरुस्त्या बदलतात. पहिली आवृत्ती पडून राहिली तर दुसरी कोण छापणार? मग पुढच्या वर्षीच्या मुली तुझी शिळी पीडीएफ पाठ करत बसतील.

फाइल आजच काढ आणि का काढली ते ग्रुपवर लिही. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडून ती परत येणार नाही, हे मात्र सरांना सांगावंच लागेल.

वाटायची हौस असेल तर वाटण्यासारखं पुष्कळ आहे. बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं, मराठी विश्वकोश नेटवर अधिकृतपणे फुकट आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अमळनेरला शिकवलेले आपले साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत छापलेली पुस्तकं २०११ पासून सगळ्यांची झाली. नव्या पुस्तकांसाठी खोलीतल्या चौघी-पाच जणींनी वर्गणी काढून एक संच घ्या.

सरांना फोनवर मेसेज करू नकोस. शंका विचारणारी मुलं उठून गेली की समोर जा. रागावले तर ऐकून घे. पुस्तकाचे पैसे एकदम जमत नसतील तर हप्त्यानं दे, पण पहिला हप्ता सोबत घेऊनच जा.