फळ्यावरचे नाव : एचओए असलेले घर घ्यावे का?

टेक्सासमधील डॅलस शहराच्या उत्तरेकडील उपनगरांत मराठी कुटुंबांचे समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच मला तो ऐकू येऊ लागतो. "ताई, घर आवडले आहे, शाळा चांगली आहे, कर्जही मंजूर झाले आहे, पण एचओए आहे. घ्यावे का?" हा प्रश्न रिअल्टरला विचारावा, फार तर वकिलाला विचारावा, तो समुपदेशकाकडे कशाला येतो, असे वाचकांना वाटेल. तो येतो, कारण तोपर्यंत त्या घरावरून नवरा-बायकोचे बोलणे बंद झालेले असते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. एचओए म्हणजे घरमालकांची संघटना. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची ती चुलत बहीण, पण स्वभावाने वेगळी. आपल्याकडे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर असावी अशी अपेक्षा असते (अनेक ठिकाणी कन्व्हेयन्सअभावी, म्हणजे मालकी हस्तांतरणाचा दस्तच न झाल्याने, ती वर्षानुवर्षे अपेक्षाच राहते, हा भाग वेगळा). येथील वस्त्यांत घर आणि त्याखालची जमीन तुमचीच असते. मात्र वस्ती वसवतानाच बिल्डरने जमिनीच्या दस्तांत अटी नोंदवून ठेवलेल्या असतात आणि त्या अटी जमिनीबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. घर घेतले की सभासदत्व आलेच. त्याचा राजीनामा द्यायचा तर घरच विकावे लागते. कुंपणाची उंची, दाराचा रंग, हिरवळीची कापणी, कचऱ्याचा डबा रस्त्यावर किती वेळ राहावा, हे सारे त्या अटींत येते. वर्गणी थकली तर घरावर बोजा चढतो आणि प्रकरण लिलावापर्यंत जाऊ शकते. अशाच अटींच्या आधारे एकेकाळी कृष्णवर्णीयांना अनेक वस्त्यांबाहेर ठेवले जात असे. न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात ठरवले. तेव्हा एचओएची धास्ती घेणाऱ्याला मी कधी हसत नाही.

निनाद आणि गौरी (नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आले, तेव्हा आठ महिन्यांत त्यांनी तीन घरे हातची घालवली होती. तिन्ही वेळा नकार निनादचा होता आणि तिन्ही वेळा कारण एकच होते.

"वर्षाला नऊशे डॉलर मोजून मी स्वतःच्याच डोक्यावर पहारेकरी का बसवू?" पहिल्याच भेटीत तो म्हणाला.

"पहारेकरी नसला की काय होते ते मी सांगलीत पाहिले आहे," गौरीने त्याच्याकडे न पाहताच उत्तर दिले. तिच्या माहेरच्या बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका उन्हाळ्यात पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिथे वेल्डिंगचे वर्कशॉप सुरू झाले. वडिलांनी महापालिकेत अर्जांवर अर्ज केले. सहा वर्षांनी त्यांनी अर्ज करणे सोडून दिले आणि त्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या. गौरीची अभ्यासाची खोली त्याच बाजूला होती.

इथे मी एक चूक केली. माझे शिक्षण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत झाले आहे. "असे असावे" या इच्छेचे "असे असलेच पाहिजे" या हट्टात कधी रूपांतर झाले, ते शोधायचे आणि त्या हट्टाला पुरावा मागायचा, ही माझी सवय आहे. "माझ्या घरात मला कोणी काही सांगता कामा नये" हा निनादचा हट्ट स्पष्ट दिसत होता, म्हणून मी त्याला विचारले, की एचओए नसलेल्या घरातही शहराचे नियम असतातच ना? गवत ठरावीक उंचीपलीकडे वाढले तर महापालिकेचीही नोटीस येतेच ना? तो "बरोबर आहे" म्हणाला आणि पुढच्या दोन भेटींत जवळजवळ गप्प राहिला. वाद मी जिंकला होता. माझा क्लायंट मात्र माझ्या हातून निसटत चालला होता. फायद्या-तोट्यांचा तक्ताही मी त्यांच्याकडून भरून घेतला. दोघांनी तो प्रामाणिकपणे भरला आणि दोघांचे तक्ते इतके सारखे निघाले, की त्यातून भांडणाचा पत्ताच लागेना.

चौथ्या भेटीला निनाद एक जाडजूड चळत घेऊन आला. तिसरे घर ज्या वस्तीतले होते तिचे एकशे बारा पानांचे नियम त्याने छापून काढले होते आणि त्यावर पिवळ्या मार्करने खुणा केल्या होत्या. तो काही सांगत होता, पण माझे लक्ष पानांकडे होते. दाराच्या रंगांची यादी असलेले पान कोरे होते. कुंपण, गॅरेज, पाहुण्यांच्या गाड्या, ही सगळी पाने कोरी होती. पिवळा रंग फक्त शेवटच्या प्रकरणात होता, जिथे नियम मोडणाऱ्याचे किंवा वर्गणी थकवणाऱ्याचे पुढे काय होते ते लिहिलेले होते. तिथे मात्र ओळ न् ओळ रंगलेली होती.

"रंगांच्या पानावर काहीच खूण नाही?" मी विचारले.

"त्यात काय? सांगतील तो रंग लावीन."

"आणि कुंपण?"

"कुंपणाचे मला काही नाही, ताई."

"मग हे पान मोठ्याने वाचून दाखवता का?"

त्याने वाचायला सुरुवात केली. सभासदाचे नाव, थकीत रक्कम, दंडाची रक्कम, आणि तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज बसला. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाण्याचा ग्लासही पुढे करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, आणि त्या दिवशी स्वतःही ते पाळले.

मग निनादने डोंबिवलीतला फळा सांगितला. तो अकरा वर्षांचा असताना वडिलांची कंपनी बंद पडली आणि सोसायटीचा मेंटेनन्स थकला. जिन्याखाली काळा फळा होता. पाणी किती वाजता येणार, टाकी कधी धुणार, हे त्यावर लिहिले जात असे. एके दिवशी त्यावर "थकबाकीदार सभासद" असे शीर्षक आले आणि खाली वडिलांचे नाव, खोली क्रमांक आणि रुपये दोन हजार तीनशे चाळीस. "रात्री अकरानंतर आई ओले फडके घेऊन खाली गेली आणि पुसून आली. सकाळी मी शाळेला निघालो तर नाव पुन्हा होते. या वेळी खडू दाबून लिहिले होते." त्यानंतर वडील दिवेलागण झाल्याशिवाय घरी येत नसत.

लग्नाला अकरा वर्षे झाली होती. गौरी हे पहिल्यांदाच ऐकत होती. "कोण लिहायचे?" तिने विचारले.

"सेक्रेटरी. बाबांबरोबर रोज सकाळी फिरायला जायचे."

मी विचारले, "निनाद, त्या फळ्यात चुकीचे काय होते? पैसे मागणे?"

त्याने बराच विचार केला. "नाही. पैसे थकलेच होते. मागायलाच हवे होते. पण दार वाजवून मागता आले असते."

त्या एका वाक्यापाशी आम्ही तो सगळा तास थांबलो, आणि मी आजही अनेकदा तिथे थांबते. निनादचे भांडण नियमांशी नव्हतेच. नियम पाळता न आलेल्या माणसाला कसे वागवले जाते, याच्याशी होते. त्याच्या मनात नियम आणि अपमान यांची गाठ खडूच्या त्या ओळीने बांधली होती, आणि मी पहिल्या भेटीपासून चुकीचे टोक ओढत होते. मात्र गाठ दिसल्यावर ती सोडवायला माझी जुनी पद्धतच उपयोगी पडली, हेही नोंदवते. "नियम असले की अपमान होणारच" हे गृहीतक आता त्याला स्वतःलाच तपासावेसे वाटत होते, आणि ते तपासायला टेक्सासचा कायदा हाताशी होता.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना एकच काम दिले. ही संघटना चुकलेल्या सभासदाशी कशी वागते, याचा लेखी पुरावा आणायचा. आता हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हेच सांगते, कारण नियम किती आहेत हे मोजण्यात लोक महिने घालवतात आणि नियमांमागच्या माणसांची चौकशी करत नाहीत.

टेक्सासमध्ये ही चौकशी करणे वाटते तितके अवघड नाही. मालमत्ता संहितेच्या २०९व्या प्रकरणानुसार दंड करण्यापूर्वी संघटनेला सभासदाला लेखी नोटीस द्यावी लागते, चूक सुधारण्याजोगी असल्यास मुदत द्यावी लागते आणि तीस दिवसांत सुनावणी मागण्याचा हक्क आहे हे त्यात कळवावे लागते. चौदाहून अधिक प्लॉट असलेल्या संघटनेला थकबाकी हप्त्याने फेडण्याचे धोरण ठेवावेच लागते, आणि त्यातील मुदत तीन महिन्यांहून कमी असू शकत नाही. थकबाकी केवळ दंडाची असेल तर घर लिलावात काढता येत नाही. वर्गणीपोटी लिलाव झालाच, तर त्याची नोटीस टपालात पडल्यापासून १८० दिवसांत मालकाला पैसे भरून घर सोडवून घेता येते. २०२४च्या जानेवारीपासून दंडाचे दर आणि धोरणही लेखी ठरवावे लागते. निनादने ही कलमे मूळ इंग्रजीत दोनदा वाचली. "म्हणजे फळ्याला कायद्याने पाकीट घातले आहे," असे तो म्हणाला. ते शब्द माझे असते तर मला आवडले असते.

कायदा असला तरी माणसे कशी आहेत ते पाहावेच लागते. संघटनेचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मागावीत; त्यांत दर महिन्याला तीच तीन नावे दंडाच्या यादीत फिरताना दिसली, तर समजावे की तिथे नियम नव्हे, वैर चालू आहे. घर विकणाऱ्याकडून मिळणाऱ्या पुनर्विक्री प्रमाणपत्रात वर्गणी, मंजूर झालेली जादा आकारणी, राखीव निधी आणि संघटनेवरचे खटले यांची माहिती असते. टेक्सासच्या प्रमाणित करारासोबतच्या जोडपत्रात ही कागदपत्रे "नकोत" असाही एक पर्याय असतो. घाईने त्यावर खूण करू नये, कारण ती मागितली तर हाती आल्यावर तीन दिवसांत करार मोडता येतो.

गौरीच्या बाजूलाही तपासणी हवी होती. तिचा हट्ट अधिक मऊ आवाजात बोलत होता, इतकेच. एचओए आली की वर्कशॉप कधीच येणार नाही, याची तिला हमी हवी होती. तिने निवडलेले चौथे घर अगदी नव्या वस्तीत होते, जिथे बोर्ड अजून बिल्डरच्याच हातात होते. येथील कायद्याप्रमाणे विकासकाने तीन-चतुर्थांश प्लॉट विकल्यानंतर १२० दिवसांच्या आत बोर्डाच्या किमान एक-तृतीयांश जागा रहिवाशांमधून निवडाव्या लागतात. तोवर तुमची तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच टेबलावर जाते. शिवाय "वर्गणी किती कमी आहे पाहा" असे ती कौतुकाने म्हणाली, तेव्हा मी तिला फ्लोरिडातील सर्फसाइडची आठवण दिली. २४ जून २०२१ रोजी तिथल्या बारा मजली इमारतीचा मोठा भाग मध्यरात्रीनंतर कोसळला आणि ९८ माणसे गेली. २०१८ मध्येच अभियंत्याने गंभीर नुकसान दाखवून दिले होते. दुरुस्तीची कोट्यवधी डॉलरची आकारणी कोणी आणि कशी भरायची, यावर रहिवाशांत वर्षानुवर्षे वाद चालला. स्वतंत्र घरांच्या वस्तीत धोका त्या जातीचा नसतो, हे खरे. पण राखीव निधी रिकामा ठेवून वर्गणी कमी दाखवणारे बोर्ड हे काटकसरी नसते, आणि डोंबिवली-सांगलीच्या माणसाला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागू नये.

एक हमखास प्रश्न राहिला : दाराला तोरण लावता येईल का? टेक्सासमध्ये पूर्वी प्रवेशद्वारावरील धार्मिक वस्तूंना २५ चौरस इंचांपर्यंतच कायद्याचे संरक्षण होते. एवढ्या जागेत आंब्याची चार पानेही नीट मावत नाहीत. २०२१ मध्ये ती मर्यादा काढली गेली. सुरक्षिततेसारखे काही अपवाद आहेत, पण तोरणासाठी घर सोडण्याची गरज नाही.

शेवटी त्यांनी नव्या वस्तीतले घर सोडले आणि नव्वदच्या दशकात वसलेल्या एका वस्तीतले, जरा जुन्या स्वयंपाकघराचे घर घेतले. निर्णयापूर्वी निनाद तिथे राहणाऱ्या एका सहकाऱ्याचा पाहुणा म्हणून बोर्डाच्या सभेला बसला होता. एका वृद्ध सभासदाचे कुंपण पडले होते आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. अध्यक्षबाईंनी त्यांना चार महिन्यांची मुदत दिली आणि सभा संपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, स्वस्तात काम करणाऱ्या सुताराचा नंबर दिला. निनादने मला हे फोनवर सांगितले, तेव्हा घराच्या क्षेत्रफळाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

घर घेतल्यावर सातव्या महिन्यात त्यांना पहिली नोटीस आली. कचऱ्याचा डबा दोन दिवस रस्त्यावरून दिसत होता. निनादने तिचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिले : "डबा आत घेतला. पाकीट चिकटवलेले होते, ताई."