घड्याळात सहा मिनिटं शिल्लक आणि वजीर गेलेला

प्रश्न : नमस्कार सर. मी कोल्हापूरला असतो, वय ३४, ऑफिसातून आलो की रोज रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो, बहुतेक दहा-दहा मिनिटांचे डाव. रॅपिड रेटिंग वर्षभर १३४०च्या आसपास अडकलंय, चढतं आणि परत तिथंच येतं. पझल्समध्ये, म्हणजे बरोबर चाल शोधायच्या कोड्यांत, मात्र मी २०००च्या वर आहे. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ भरपूर बघितलेत, पांढऱ्याकडून इटालियन खेळतो, काळ्याकडून कारो-कान. अलीकडच्या वीस डावांची फाइल जोडतोय. माझं नेमकं काय चांगलं आहे आणि काय कच्चं आहे ते स्पष्ट सांगा, बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

उत्तर : सगळे वीस डाव बघितले. आधी चांगलं काय ते सांगतो आणि ते बरं वाटावं म्हणून नाही, कारण आपलं काय चांगलंय हे कळलं नाही तर माणूस सुधारायच्या नादात तेच मोडून बसतो.

तुमचा हल्ला खरंच चांगला आहे. समोरच्याचा राजा मधे अडकला की तुम्हाला ते लगेच दिसतं आणि मग एखादं प्यादं गेलं तरी तुम्ही मागं बघत नाही, हे १३४०ला फार कमी लोकांना जमतं. घोड्याचे दुहेरी मार तुम्ही बरोबर शोधता. दहा-बारा चालींत घोडे-उंट बाहेर, कॅसलिंग झालेलं, हत्ती मधल्या पट्टीवर, म्हणजे व्हिडिओ बघितल्याचा फायदा झालाय. आणि एक गोष्ट मला विशेष आवडली, तुम्ही डाव सोडत नाही, एक हत्ती कमी असताना सुद्धा समोरच्याला त्रास देत राहता आणि त्यातून दोन डाव वाचवलेत.

आता कच्चं. हरलेले डाव मी वेगळे काढले आणि प्रत्येकात जिथं डाव घसरला त्या चालीला घड्याळात किती वेळ होता ते बघितलं. जवळजवळ सगळीकडे पाच मिनिटांच्या वर! म्हणजे तुम्ही वेळ कमी पडला म्हणून हरत नाही, वेळ असून वापरत नाही म्हणून हरता. तुम्हाला वाटतंय प्रॉब्लेम ओपनिंगचा आहे किंवा अजून पझल्स करायला हवीत, मला ते अजिबात पटत नाही.

सातवा डाव उघडून समोर ठेवा. तुम्ही पांढरे, उंट सी४ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी), काळ्याचं कॅसलिंग झालंय, त्याचं डी-प्यादं अजून डी७ला आणि त्यामागं सी८चा उंट कोंडलेला. तुम्ही वजीर जी४ला आणला, डोळा जी७वर. कल्पना चांगली. त्यानं डी-प्यादं दोन घरं पुढं ढकललं, डी५. तुम्हाला काय दिसलं, तर प्यादं माझ्या उंटावर आलंय, आणि दोन सेकंदांत ई-प्याद्यानं ते मारलं. पण ते प्यादं हलल्याबरोबर सी८ ते जी४ ही सगळी तिरकी रेघ मोकळी झाली होती आणि तिच्या टोकाला तुमचा वजीर उभा होता. वजीर गेला, घड्याळात सहा मिनिटं दहा सेकंद शिल्लक. वजीर हलवला असता तर फार तर उंट गेला असता, डाव अवघड झाला असता पण संपला नसता. आणि खरी चूक त्याच्याही एक चाल आधीची आहे, वजीर जी४ला ठेवताना सी८चा उंट आज कोंडलाय पण एका प्याद्याच्या चालीवर सुटतो हे बघायला हवं होतं.

याच जातीच्या चुका अजून चार डावांत आहेत, दरवेळी लांबून येणारा उंट किंवा मागं सरकणारा मोहरा. तुम्ही पुढचं बघता, आपण काय मारणार ते बघता, समोरच्याची चाल झाल्यावर त्या चालीनं काय उघडलं हे बघत नाही. आणि हे पझल्सनी सुधारत नाही, कारण पझल समोर आलं की आधीच माहीत असतं इथं काहीतरी आहे, आणि जे आहे ते आपल्या बाजूचं आहे. डावात कुणी सांगत नाही की आता थांब, इथं बघ. तुमच्या २००० आणि १३४० मधलं अंतर मला तरी इथंच दिसतं.

यावर उपाय साधा आहे पण कंटाळवाणा आहे, आणि तो केल्याशिवाय दुसरं काही करू नका. प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या बाजूनं तीन गोष्टी बघायच्या : त्याला शह देता येतो का, तो काय मारू शकतो, त्याची पुढची धमकी काय. मग आपली चाल. दहा मिनिटांच्या डावात हे बसत नाही असं वाटेल म्हणून काही महिने दहाचे डाव बंदच करा, १५+१० खेळा, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव. रात्रीत एकच डाव. तुमच्या फाइलमधे एका रात्री सलग सहा डाव आहेत, पहिला हरलात आणि मग तो भरून काढायला पुढचे पाच खेळत गेलात, त्यातले चार हरलात, शेवटच्या डावात तर काही चाली एक सेकंदाच्या आत झाल्यात. ते खेळणं नाही हो, तो राग आहे. डाव हरलात तरी मोबाइल ठेवायचा, हा नियम करा.

ओपनिंगबद्दल एकच सांगतो. घोडा जी५ला नेऊन एफ७वर बळी देण्याचा तो फ्राइड लिव्हर हल्ला तुम्ही मनापासून खेळता, जिंकताही. पण तो चालतो कधी, तर काळ्यानं डी५वर घोड्यानं मारलं तर. वर जाल तसे समोरचे लोक तिथं घोड्यानं न मारता दुसरा, सी६चा घोडा ए५ला नेऊन आधी तुमच्या सी४च्या उंटाला डिवचतात, आणि मग तुमचं एक प्यादं जास्त असूनही हल्ला त्यांचा सुरू होतो. तुमच्या तीन डावांत हे झालंय आणि तिन्हीत तुम्ही गोंधळलात. ती एक शाखा नीट बघून घ्या, बाकी ओपनिंगचे व्हिडिओ सध्या पुरे.

आता एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा भाग. इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं कारण इथं तुम्ही कष्टानं मिळवलेलं घालवताय. अकरावा डाव : दोघांना एकेक हत्ती, तुमच्याकडे एक प्यादं जास्त, तुमचा राजा ई५, प्यादं ई३, काळा राजा ई७. डाव उत्तम. तुम्ही प्यादं ई४ला ढकललं, मग हत्तीला हत्ती दिला, आणि मारामारी संपली तेव्हा राजे आणि प्यादं तिथंच आणि चाल तुमची. बरोबरी! दोन राजे समोरासमोर, मधे एक घर, आणि ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. तुम्ही बाजूला झालात, काळा राजा परत समोर येऊन उभा राहिला, संपलं. प्यादं ई३लाच ठेवून हत्ती दिले असते तर तुमच्याकडे ई४ ही एक चाल राखीव होती, ती खेळली की बाजूला व्हायची पाळी काळ्यावर, आणि डाव तुमचा. पट घरात असेल तर मांडून बघाच, दोन्ही प्रकारे, स्क्रीनवर हे एवढं डोक्यात बसत नाही.

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. २०२४च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेन यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप, चौदावा म्हणजे शेवटचा डाव, डिंगकडे हत्ती-उंट, गुकेशकडे हत्ती-उंट आणि एक प्यादं जास्त, सगळे बरोबरी धरून बसलेले. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ला आणला, हत्ती गेले, लगेच गुकेशनं उंट डी५ला आणून उंटाची अदलाबदल लादली, कारण डिंगचा उंट ए८च्या कोपऱ्यात होता, त्याला पळायला जागा नव्हती. उरले राजे आणि प्यादी, आणि तो डाव डिंगसाठी हरलेला होता. मोहरे कमी करण्याआधी, उरलेल्या पटावर काय होणार हे बघायचं असतं, वर्ल्ड चॅम्पियनलाही ते चुकवून चालत नाही.

तर तुमच्यासाठी राजा-प्याद्याचे साधे एंडगेम आधी, मग हत्तीचे दोनच, फिलिडोर आणि लुसेना. फिलिडोर म्हणजे प्यादं कमी असताना वाचायचं कसं : आपला राजा प्याद्याच्या वाटेत, आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या आडव्या पट्टीवर, समोरच्याच्या राजाला पुढं येऊ द्यायचं नाही, आणि प्यादं त्या पट्टीवर आलं की हत्ती पार मागं नेऊन मागून शह देत बसायचं, त्याच्या राजाला लपायला जागाच राहत नाही. लुसेना त्याच्या उलट, जिंकायचं कसं. दोन्ही मिळून आठवड्याचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

आणि डाव झाला की लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावू नका. आधी स्वतः चाली मागं-पुढं करून मला इथं काय वाटलं होतं, कुठं भीती वाटली, कुठं घाई केली हे वहीत दोन ओळी लिहा, मग स्टॉकफिशसारखं इंजिन लावा. इंजिन फक्त चूक कुठं ते सांगतं, तुम्ही ती का केलीत हे त्याला माहीत नसतं, ते तुमच्या दोन ओळींत असतं. लिचेस या साइटवर हे सगळं फुकट आहे, दुसऱ्या साइटवरचे डावही पीजीएन (चालींची फाइल) टाकून तिथं बघता येतात.

प्रश्न : मी इचलकरंजीची, कॉलेजला आहे. काल एका डावात माझी अ‍ॅक्युरसी ९३ (इंजिनच्या मते शंभरपैकी किती अचूक खेळले) आली. पण दुसऱ्या एका डावात ७१ आली आणि तोही मी जिंकले. मग कोणता डाव चांगला खेळले?

उत्तर : आकड्यावरून सांगता येत नाही गं. समोरच्यानं आठव्या चालीला वजीर फुकट दिला की पुढची प्रत्येक साधी चाल इंजिनला चांगलीच वाटते, ९३ सहज येतात. तू पाठवलेला ९३चा डाव तसाच आहे, सतरा चालींचा. ७१चा डाव मात्र बावन्न चालींचा, दोघींचे राजे उघडे, प्रत्येक चालीला तीन-तीन पर्याय, आणि तिसाव्या चालीपासून तू ज्या पद्धतीनं हत्ती सातव्या पट्टीवर नेऊन बसवलास ते फार सुंदर होतं. तो डाव प्रिंट काढून ठेव. आकडा बघायचाच असेल तर एका डावाचा नको, महिन्याभराच्या सगळ्या मोठ्या डावांचा मिळून बघ.

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकहून लिहितेय. मुलगी अकरा वर्षांची, ऑनलाइन ब्लिट्झ (अगदी झटपट डाव) १७००, तिचे क्लासचे सगळे म्हणतात हुशार आहे. पहिल्यांदाच फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग स्पर्धेला नेलं आणि सात डावांत दीडच पॉइंट. घरी येऊन रडली, आता खेळायचंच नाही म्हणते. ऑनलाइन खोटं असतं का सगळं?

उत्तर : ताई, खोटं नाही. पण तो आकडा वेगळ्या काट्यावरचा आहे. ऑनलाइन १७०० म्हणजे फिडे १७०० नव्हे, आणि त्यात २०२४च्या मार्चपासून फिडेनं सगळ्यात खालचं रेटिंगच १४०० केलंय, त्याच्या खाली रेटिंग यादीत कुणी नसतंच. म्हणजे तिच्या समोर १४५०चा म्हणून जे काका बसले होते ते कदाचित वीस वर्षं पटावर खेळणारे असतील. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५च्या जुलैत बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून असे पालक खूप लिहितात मला, मुली खेळतायत याचा आनंदच आहे, पण पहिल्या स्पर्धेच्या पॉइंटवरून काही ठरवू नका.

तिची स्कोअरशीट्स तुम्ही पाठवलीत हे फार बरं केलंत. चौथ्या डावात ती एका प्याद्यानं वर होती आणि तिनं मोहऱ्याला हात लावला, मग दुसरी चाल दिसली पण हात लावलेलाच चालवावा लागला, बरोबर ना? शीटवर तिनं चाल खोडून परत लिहिलीय त्यावरून वाटतंय. ऑनलाइन बोट उचललं की विषय संपतो, पटावर तसं नसतं. ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ, चाल लिहायची, आणि नियमबाह्य चाल झाली तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जास्त आणि दुसऱ्यांदा डाव गेला. शिवाय स्क्रीनवर पट सपाट दिसतो, खऱ्या पटावर लांबचा उंट मोहऱ्यांमागं झाकला जातो, दोन डावांत तिचं नेमकं तेच झालंय. हे तिचं कच्चं नाही, तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

तिचं चांगलं काय ते तिला आधी सांगा. सहाव्या डावात काळ्याकडून तिनं प्यादं देऊन हत्तीसाठी पट्टी उघडली आणि मग तीस चाली बिलकुल घाई केली नाही, डाव बरोबरीत सोडवला. ब्लिट्झ खेळणाऱ्या मुलीनं एवढा धीर धरला हे मला फार मोठं वाटलं. आणि तो अर्धा पॉइंट तिला कुणी दिला नव्हता, तिनं कमावला होता.

पुढचे दोन-तीन महिने घरात लाकडी किंवा साधा प्लास्टिकचा पट, घड्याळ, वही आणि पेन. आठवड्यातून दोन मोठे डाव, बाबांबरोबर, क्लासमधल्या मैत्रिणीबरोबर, कुणीही चालेल, फक्त हात लावला की चालवायचं आणि प्रत्येक चाल लिहायची. ब्लिट्झ बंद करू नका, तिला त्यात मजा येते, पण शनिवार-रविवारी ठेवा. आणि स्पर्धा पुन्हा लगेच नको, तिनं स्वतःहून विचारलं की मग नाव द्या, पहिल्यांदा शाळेची किंवा जिल्ह्याची छोटी. त्या स्पर्धेची शीट्स मला जरूर पाठवा, हरलेल्या डावांची सुद्धा.